पेटी, गोधडी आणि खुडूक कोंबडी

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "आदिलाबादला पाहण्यासारखं काय आहे?" काहींना कुंटाल्याचा धबधबा ऐकून माहीत असतो. तो मी पाहिला नाही. कापसाचा बाजार मोठा आहे म्हणतात, तोही जाता-येता रस्त्यावरूनच पाहिला. मी चार दिवस गुडीहत्नूरच्या पलीकडच्या एका खेड्यात, भाजी पिकवणाऱ्या कुटुंबाच्या ओसरीवर बसून अंडी फोडली, एका बाईवर नाहक ओरडले, आणि माझा विषय तिच्याच घरी नव्यानं शिकून आले. सांगण्यासारखं एवढंच आहे, पण माझ्या मते धबधब्यापेक्षा जास्त आहे.

माझा विषय आधी सांगते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं मी कोंबडीच्या अंड्यातला गर्भ पाहते आहे. कुठल्याही दोन पेशींत फरक दिसत नाही अशा एका पातळ चकतीतून मेंदू आणि पाठीतली मज्जा कशी घडते, कोणत्या पेशीला कोण निरोप देतं, तो निरोप कोणत्या रेणूच्या हाती जातो, हे शोधायचं माझं काम. या कामात माझा हात बसलेला आहे. हे मी नम्रपणे सांगावं अशी रीत आहे, पण ती मला जमत नाही.

मराठीतून दिलेलं माझं एक व्याख्यान वैशाली नावाच्या एका शिक्षिकेनं मोबाइलवर ऐकलं. ती गुडीहत्नूरकडच्या मराठी शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. तिनं लिहिलं, "आमच्या मुलांनी गर्भ फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला आहे. तुम्ही याल का?" मी गेले.

आदिलाबाद ते गुडीहत्नूर

स्टेशनवर वैशालीचा नवरा दिगंबर आला होता, भाजीचा टेम्पो घेऊन. टेम्पोला कोथिंबिरीचा वास होता आणि जानेवारीतली थंडी अशी, की माझा पुणेरी स्वेटर नुसता शोभेला उरला. माझी अंडी उबवायची पेटी मी मांडीवर घेतली. प्लायवूडची, आतून थर्माकोल, एक बल्ब, एक पंखा, बाहेर तापमान कमीजास्त करायचं बटण आणि काचेआड काटा. तीस वर्षांत तीन वेळा दुरुस्त झालेली.

"मॅडम, अंड्याची फिकर करू नोका," दिगंबर म्हणाला. "तुमी यायच्या आधीच आनून ठेवले."

घरी पोचलो तर ओसरीवर खरंच तीस पांढऱ्याशुभ्र अंड्यांचा ट्रे ठेवलेला. दुकानातून आणलेला. मी काही बोलायच्या आत त्याची आई, शेवंताबाई, आतून आल्या. साठीच्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांनी एक अंडं हातात घेऊन परत ठेवलं.

"हे कोन आनले? हे नराबिगरचे अंडे हायेत. याच्यातून काय निंगन? आमलेट निंगन."

दिगंबर इतका ओशाळला की चहा न घेताच वाड्याकडे निघून गेला. भाजीवाल्यांच्या भाषेत वाडा म्हणजे मळ्यातली सामान ठेवायची शेड. शेवंताबाईंनी कोपऱ्यातली कणगी उघडली आणि ज्वारीत खोचून ठेवलेली गावरान अंडी एकेक करून बाहेर काढली. प्रत्येक अंडं कानाजवळ नेऊन हलवायचं, मग उजेडाकडे धरायचं. पस्तीस अंडी निघाली. त्यांतली चोवीस त्यांनी मला दिली आणि अकरा बाजूला ठेवली.

"हे अकरा काबरीसाठी. ते खुडूक बसून हाये दोन दिवसापासून."

खुडूक म्हणजे अंडी घालणं थांबवून फक्त उबवायला बसलेली कोंबडी. शब्द आमच्याकडेही आहे, कोंबडी मात्र पुण्यात दिसत नाही. माझी अंडी दर सोमवारी खोक्यांतून येतात आणि त्यांना नंबर असतात. इथे प्रत्येक कोंबडीला नाव होतं. शेवंताबाईंनी अकरा अंड्यांवर कोळशानं एकेक रेघ ओढली, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं मध्येच येऊन अंडं घातलं तर ते ओळखू यावं. अकराच का, म्हणून मी विचारलं. सम आकडा बसवत नाहीत, बसवला तर अंडी सडतात, असं त्यांनी सांगितलं. मी हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याही हसल्या, पण अंडी अकराच राहिली.

दुपारी चारच्या सुमारास माझी चोवीस पेटीत गेली आणि त्यांची अकरा काबरीखाली.

"तुमची पेटी अन् माही काबरी," त्या म्हणाल्या. "पाहू कोनाचे पिल्ले पयले निंगते."

मी सांगितलं, की आम्ही पिल्लं निघेपर्यंत थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंड्याला खिडकी पाडून आत पाहतो.

त्यांचा हात थांबला. "बसवलेलं अंडं फोडता?"

"हो."

"आमी नाई फोडत. न बसवलेलं खुशाल खा. बसवलं का मंग ते तिचं." त्यांनी काबरीकडे बोट केलं. थोडा विचार करून त्यांनी तोडगाही काढला. "पेटीतले तुमचे. तिच्या पोटाखालचे तिचे. तिकडं हात लावू नोका."

मी वचन दिलं.

संध्याकाळी शेवंताबाई, वैशाली आणि मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलायला बसलो. हिरव्या दाण्यांना तिथे सोले म्हणतात आणि त्यांच्या आमटीसमोर आमची मटार उसळ मला यापुढे बेचव लागणार आहे. सोलता सोलता, आज हवा गार आहे असं म्हणावं तशा सुरात शेवंताबाई म्हणाल्या, "हिची पयली पोरगी नऊ दिवसाची होऊन गेली. पाठ उघडी होती. पाचवा महिना होता, गिरान लागलं, मी म्हनलं घरात बस. हे पोरांले गिरान दाखवाले गेली मैदानात."

गिरान म्हणजे ग्रहण. वैशाली मान खाली घालून शेंगा सोलत राहिली.

"आता मार्चात शाळा सोडून राह्यली," शेवंताबाई पुढे म्हणाल्या. "ते सुटली का मंग दुसऱ्याचं पाहू. तवाच होईन, नाई तं नाई."

मला राहवलं नाही. मी तिथल्या तिथे व्याख्यान दिलं. पाठीतली नळी मिटते कशी, कधी, ग्रहणाचा तिच्याशी संबंध का नसतो, सगळं. माझं मराठी चांगलं आहे आणि मी समजावून सांगते असं लोक म्हणतात. शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी शिकल्या बाई. आमी डोळ्यानं पाह्यलं," त्या म्हणाल्या, आणि सोल्यांचं ताट घेऊन आत गेल्या.

वैशाली हळूच म्हणाली, "मॅडम, मला सगळं माहीत आहे. परीक्षेत विचारलं तर बरोबर लिहीन. पण तीन वर्षं झाली, रोज सकाळी उठले की मैदान आठवतं. मीच नेलं होतं ना पोरांना. हट्टानं." राजीनामा तिनं लिहून ठेवला होता. तारीख तेवढी टाकायची राहिली होती.

शाळेत

दुसऱ्या दिवशी शाळेत पाऊल ठेवलं तर फळ्यावर माझं नाव मराठीत आणि तेलुगूत लिहिलेलं. दोन्हीकडे मुलांनी भोवती फुलं काढली होती. दहावीची सदतीस मुलंमुली. पेटीतल्या अंड्यांना अजून चोवीस तासही झाले नव्हते, म्हणून त्या दिवशी नुसतं बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी दाखवायचं असं ठरलं होतं.

मी त्यांना सांगितलं, की सुरुवातीला वरच्या थरातल्या पेशी काहीही होऊ शकतात. कातडी होतील, मेंदू होतील. नवल म्हणजे कातडी होण्यासाठी त्यांना तसा निरोप यावा लागतो. तो अडवला गेला, की त्या मेंदूच्या वाटेला लागतात. मग अशा पेशींच्या पट्टीच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मधे पन्हळ तयार होते, कडा एकमेकींना भेटतात आणि बंद नळी होते. एका टोकाला मेंदू, बाकीची पाठीतली मज्जा. त्या नळीच्या भिंतीतल्या मूळ पेशी वाढत राहतात आणि वेळ आली की एकेक जण चेतापेशी व्हायला बाहेर पडते. कोणी कोणती चेतापेशी व्हायचं हेही निरोपावर. नळीखालच्या एका बारीक दोरीतून एक रेणू झिरपत वर येतो. दोरीजवळच्यांना तो भरपूर मिळतो, लांबच्यांना कमी, आणि जितका मिळतो त्यावरून पेशी आपलं काम ठरवते.

चेहरे कोरे दिसले. मग मी म्हटलं, घरात मिरचीची फोडणी घातली तर चुलीजवळच्याचं काय होतं?

"ठसका लागते!"

ओसरीवरच्याचं?

"त्याले नुसता वास येते."

आणि गल्लीतल्याचं?

"त्याले काही मालूमच नाई!"

झालं. फोडणी एकच, तिघांची गत वेगळी, कारण अंतर वेगळं. दोरीच्या अगदी जवळच्या पेशी नळीचा तळ होतात, त्यांच्या शेजारच्या हातपाय हलवणाऱ्या चेतापेशी, त्यापुढच्या आणखी काही. वरच्या बाजूनं दुसरा निरोप येतो, तिथे स्पर्श कळवणाऱ्या चेतापेशींची सोय होते. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, निरोप मिळाला पण कडा भेटल्याच नाही तर?" वैशाली खिडकीशी उभी होती. मी म्हटलं, ते उद्या दाखवताना सांगते. उत्तर टाळण्याची माझी ती पहिली वेळ असेल.

संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या घरी बोलावणं होतं. ते तेलुगू, संक्रांत नुकतीच झालेली, आणि त्यांच्या पत्नीनं सकिनालु वाढले. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून हातानं गोल गोल वळून तळलेली चकलीची मावसबहीण. आम्ही संक्रांतीला गोड देऊन गोड बोलायला सांगतो, इथे खारं देतात आणि बोलण्याची अट घालत नाहीत. मला ते जास्त प्रामाणिक वाटलं.

निघायच्या आधी मी पेटीत डोकावले होते. थंडीमुळे काटा जरा खाली वाटला, म्हणून बटण थोडं पुढे सरकवलं आणि गेले. दोन तासांनी परतले तर काटा त्रेचाळीसवर. अडतीस हवा. मी बटण मागे घेतलं. एवढ्यानं काही होत नाही, असं स्वतःशी म्हटलं आणि जेवायला बसले. कोणाला काही बोलले नाही. लागलेली भूक आणि तीस वर्षांचा अनुभव, दोन्ही माझ्या बाजूनं होते.

गोधडीची सकाळ

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर पेटीवर गोधडी. चारही बाजूंनी नीट खोचलेली, पाठीमागची हवेची जाळी पार झाकलेली. मी ती ओढून काढली. काटा एकोणचाळीसच्या किंचित वर होता. टॉर्च लावून एकेक अंडं पाहिलं. या वेळेपर्यंत आत लाल रेषांची जाळी दिसायला हवी. एकातही नव्हती.

"ही गोधडी कोणी घातली?"

शेवंताबाई चुलीपासून उठून आल्या. "मीनं. पाहाटे पाच वाजता. थंडी किती पडून राह्यली. म्हनलं, लेकरं गारठतीन."

"सगळी मेली," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "चोवीसच्या चोवीस. हवेची जाळी बंद केलीत तुम्ही. तुम्हाला माहीत नव्हतं तर विचारायचं होतं. तुमच्यामुळे गेली सगळी."

हातातली फुंकणी त्यांनी भिंतीला टेकवली आणि खाली बसल्या. वैशाली दारात उभी होती. ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती ती मी विसरणार नाही. त्या घरात एका बाईला "तुझ्यामुळे" म्हणून ऐकवलेलं तिला नवीन नव्हतं, सांगणारी तेवढी या वेळी पुण्याची होती.

रागाच्या भरात मी कामाला लागले. मेलेली तर मेलेली, मुलांना काहीतरी दाखवता येईल म्हणून एक अंडं आडवं धरून सुईनं थोडं पांढरं काढलं, कात्रीनं खिडकी पाडली, गर्भाखाली शाईचा थेंब सोडला म्हणजे तो काळ्यावर पांढरा उठून दिसतो, आणि कॅमेऱ्याचा सूक्ष्मदर्शक लॅपटॉपला जोडला.

चपलेच्या तळव्यासारखा दिसणारा इवलासा गर्भ. मधोमध पन्हळ. दोन्ही कडा उचललेल्या, पण भेटलेल्या नाहीत.

मी दुसरं उघडलं. तेच. तिसरं, चौथं. आठ अंडी उघडली. आठही तिथेच थांबलेली, उघड्या पन्हळीवर.

गर्भ वाढतो तो घड्याळ लावल्यासारखा. ज्या क्षणी मरतो त्या क्षणी घड्याळ थांबतं, आणि कोणत्या अवस्थेत थांबला त्यावरून कधी मेला हे सांगता येतं. ही अवस्था साधारण एका दिवसाची. म्हणजे आदल्या संध्याकाळची. पहाटे पाचपर्यंत जगली असती तर कडा मिटून नळी झाली असती आणि हृदय दिसू लागलं असतं. शेवंताबाईंनी गोधडी घातली ती मेलेल्या गर्भांवर. मारणारी मी होते.

खरं सांगायचं तर मला त्रेचाळीसचा काटा सकाळीच आठवला होता. गोधडी दिसली तेव्हाच. पण गोधडी समोर होती आणि काटा फक्त माझ्या एकटीच्या माहितीचा. हे लिहितानाही लाज वाटते. गप्प बसले असते तर जन्मभर कोणाला कळलं नसतं.

मी शेवंताबाईंसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. बटण मी फिरवलं, काटा मी पाहिला, तुमच्या गोधडीनं काहीही झालेलं नाही, मी खोटं बोलले, मला माफ करा.

त्यांनी मान हलवली. "राहू द्या बाई. तुमी पाव्हन्या. माह्या मनाले लागू नये म्हनून सांगून राह्यल्या."

"नाही हो, खरंच."

"मंग दाखवा."

आता आली पंचाईत. आठ मेलेले गर्भ दाखवून त्यांना काय कळणार? पहाटेपर्यंत जगले असते तर कसे दिसले असते, हे दाखवायला त्याच वेळी बसवलेलं जिवंत अंडं हवं होतं. ते एकाच ठिकाणी होतं, आणि तिथे हात लावणार नाही असं मी वचन दिलेलं. मी हे सगळं त्यांना सांगितलं आणि मागितलं काहीच नाही.

शेवंताबाई मग उठल्या, काबरीजवळ गेल्या, तिच्याशी पुटपुटत काहीतरी बोलल्या आणि तिच्या पोटाखाली हात घातला. कोळशाची रेघ असलेलं एक अंडं बाहेर आलं. मग आणखी एक.

"एक पुरे," मी म्हटलं.

"एक काढलं तं दहा राह्यतीन. दहा चालत नाई. नऊ पायजेत." दोन्ही अंडी त्यांनी पदरात धरली. "एक घरी फोडा. एक पोरांले दाखवा."

मी आयुष्यात हजारो अंडी उघडली असतील. इतक्या जपून एकही नाही. दिगंबर भाजी टाकून आला होता, वैशाली लॅपटॉप धरून उभी होती. खिडकी पडली, शाई गेली, आणि पडद्यावर गर्भ आला. पन्हळ कुठेच नव्हती. कडा मिटल्या होत्या. वरच्या टोकाला मेंदूचे फुगवटे, त्यांच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांचे उंचवटे, आणि खाली एका वाकड्या नळीत हृदय उडत होतं.

"व माय," शेवंताबाई म्हणाल्या. "दीड-दोन दिवसात धडधडाले लागते?"

एकवीस दिवसांचा हिशेब त्यांना लहानपणापासून तोंडपाठ. पण कवचाआडचा दुसरा दिवस त्यांनी पहिल्यांदा पाहिला. मी शेजारी पेटीतला गर्भ ठेवला. दोघांना एकाच घटकेला बसवलेलं हे त्यांनाच सर्वांत चांगलं माहीत होतं. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"हे आदल्या सांजलेच थांबलं," त्या सावकाश म्हणाल्या. "मी गोधडी घातली तवा यात जीवच नोयता."

"नव्हता."

"मंग मीनं नाई मारलं."

"नाही. मी."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की तीन तास त्या छातीवर काय घेऊन बसल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

आणि मग वैशाली बोलली. माझ्याशी नाही, सासूशी. "आई, आपल्या लेकराची पाठ कधी मिटायची होती, ते विचारा ना मॅडमना."

शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मानसाचं कितव्या दिवशी?"

"गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटून जाते. मिटली तर तेव्हाच. नाही मिटली तरी तेव्हाच ठरतं. नंतर उघडत नाही. पुढे सोनोग्राफीत दिसतं ते आधीच घडून गेलेलं असतं."

त्यांनी डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा ठेवला. एक पेर, दुसरं पेर. ओठ हलत होते. पहिला महिना, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्यावर अंगठा थांबला आणि तिथून परत पहिल्यावर आला.

"पयल्या महिन्यात तं हिलेच मालूम नोयतं," त्या म्हणाल्या. "पाळी चुकून दोन हप्ते बी झाले नसतीन."

"नाही झाले."

"मंग चूक कोनाची?"

"कोणाचीच नाही. फोलिक ॲसिडची गोळी असते. दिवस राहायच्या आधीपासून घेतली तर पुष्कळदा हे टळतं. प्रत्येक वेळी टळेलच असं नाही. वैशालीला ती मिळाली तोवर मिटायची वेळ निघून गेली होती. कोणाला माहीतच नव्हतं."

वैशाली रडत होती. आवाज न करता, लॅपटॉप तसाच धरून, कारण खाली ठेवला तर पडद्यावरचं हलेल. शेवंताबाई उठल्या, तिच्या हातातला लॅपटॉप काढून दिगंबरकडे दिला आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मिठी वगैरे मारतील. तसं काही झालं नाही. त्यांनी तिचा चेहरा पदरानं पुसला, लहान मुलाचा पुसतात तसा, जरा जोरातच.

"मी तुले तीन वर्सं बोलली," त्या म्हणाल्या. "तू काऊन आयकून घेतलं व?"

शाळेची वेळ झाली होती. दुसरं अंडं शेवंताबाईंनी स्वतः पदरात गुंडाळून शाळेत आणलं, वर्गात पहिल्या बाकावर बसल्या, आणि हृदय उडताना दिसलं तेव्हा सदतीस मुलांनी जो गलका केला त्यात त्यांचाही आवाज होता. कडा भेटल्या नाहीत तर काय होतं, या प्रश्नाचं उत्तर वैशालीनं दिलं. पेटीतला गर्भ दाखवला आणि स्वच्छ, पुस्तकात असतं तसं सांगितलं. स्वतःचं काही सांगितलं नाही, पण कुठे अडखळलीही नाही.

बाजार

चौथ्या दिवशी दुपारी मी निघणार होते. सकाळी गुडीहत्नूरला बाजार होता. पोतं अंथरून शेवंताबाई वांगी, मेथी आणि सोल्यांचे ढीग मांडून बसल्या, शाळा भरायला अजून वेळ असल्यानं वैशालीही मदतीला आली. ग्राहकाशी भाषा तिथे ग्राहक पाहून बदलते. एकीशी तेलुगू, दुसरीशी मराठी, हायवेवरून उतरलेल्या ट्रकवाल्याशी हिंदी, आणि भाव तिन्ही भाषांत तोच. राजीनाम्याचं काय केलं, हे मी वैशालीला विचारलं. "आईंनी मागितला," ती म्हणाली. "चुलीत घातला. वाचला पण नाही, त्यांना वाचता येत नाही. मला विचारून घेतलं फक्त, हाच कागद ना म्हणून." गोळ्यांचं नाव तिनं दिगंबरला लिहून दिलं होतं, आधी आदिलाबादच्या डॉक्टरला दाखवून मग सुरू करायच्या असं ठरलं होतं.

एवढ्यात वांगी निवडायला एक ओळखीची बाई बसली. तिनं वैशालीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून शेवंताबाईंना विचारलं, "सून शाळा सोडून राह्यली म्हने? बरं झालं. तवा गिरानात बाहीर गेली नसती तं—"

"नाई," शेवंताबाई म्हणाल्या. तागडी त्यांनी खाली ठेवली. "ते मीनं तुले चुकीचं सांगतलं होतं. पाठ पयल्याच महिन्यात उघडी राह्यली होती. गिरान लागलं पाचव्यात. हिची काही चूक नोयती. मीनं डोळ्यानं पाह्यलं."

ती बाई वांगं हातात धरून तशीच बसली. शेजारच्या दोघीतिघींनी माना वळवल्या.

वैशालीनं सासूच्या खांद्याला हात लावला. "आई, पुरे ना. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे," शेवंताबाई म्हणाल्या. "ते सांगाले मी कोनाले लाजली नोयती. जितक्या जनींले ते सांगतलं, तितक्या जनींले आता हे सांगा लागन." आणि रस्त्यापलीकडे मिरच्या विकायला बसलेल्या बाईला त्यांनी जोरात हाक मारली.